हिंगोलीत समुद्र नाही, मग इथली पाणथळ जागा कोण वाचवणार?

पाणथळ जागा म्हटलं की खाडी आणि खारफुटी डोळ्यांसमोर येते. खारफुटी तोडण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने 2018 च्या निकालात राज्यभर बंदी घातली. हिंगोलीत खाडी नाही. पण पूर्णेवरचं सिद्धेश्वर, पैनगंगेवरचं ईसापूर धरण आणि गावोगावचे तलाव आहेत.

अडचण काय?

2017 च्या केंद्रीय पाणथळ नियमांतून सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. पक्ष्यांना हा फरक कळत नाही. थंडीत स्थलांतरित बदकं धरणाच्या उथळ काठावरही उतरतात. म्हणून इथे गावकऱ्यांची नजर महत्त्वाची.

तुम्ही काय करू शकता?

- गाळपेर जपून करा: पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत तणनाशक, कीटकनाशक टाळा. पाणी चढलं की ते थेट धरणात मिसळतं.
- अंडी सांभाळा: टिटवी उन्हाळ्यात उघड्या जमिनीवरच अंडी घालते. तिथून ट्रॅक्टर आणि जनावरं वळवा.
- पक्षी मोजा: जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. एरवीही 'ईबर्ड' ॲपवर नोंद करता येते. पुढे तलावावर संकट आलं, तर हीच नोंद पुरावा ठरते.
- शिकार कळवा: 1972 च्या वन्यजीव कायद्याने ती गुन्हा आहे. वन विभागाची हेल्पलाइन: 1926.
- भराव दिसला तर: फोटो, तारीख आणि गट नंबरसह तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्या. पोच घ्यायला विसरू नका.