कसोटीचा रकाना कोरा : बाळू, शिवलकर आणि गोयल

लहानपणी धाटावच्या टेनिस क्रिकेटमध्ये माझी जागा ठरलेली होती, स्कोअररची. बॅटिंग येत नव्हती, बॉलिंग कोणी देत नव्हतं, पण अक्षर बरं होतं. एमआयडीसीची पहिली पाळी सुटली की माणसं हळूहळू मैदानावर जमायची आणि मी दोनशे पानी वही घेऊन बाकावर बसायचो.

आमच्या संघात एक दादा होता. डावखुरा, हळू फिरकी टाकणारा. टेनिस बॉलवर फिरकी टाकणं म्हणजे मार खायचं आमंत्रण. पण याला कोणी सहज मारू शकत नसे. बॉल हवेत थांबल्यासारखा वाटायचा आणि बॅट्समन आधीच फिरून मोकळा झालेला असायचा. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे विकेटच विकेट. तो पुढे लेदर बॉलवर कुठे खेळला नाही. का, असं विचारलं की सगळे एकच सांगत, "नशीब नव्हतं रे त्याचं."

हे वाक्य मला परत भेटलं ते ३ मार्च २०२५ ला. पद्माकर शिवलकर गेले त्या दिवशी. माझ्या प्रत्येक क्रिकेट ग्रुपवर तेच शब्द होते. दुर्दैवी. कमनशिबी. चुकीच्या काळात जन्मलेला. मी पुण्यात एका आयटी कंपनीत डेटाबेसचं काम करतो, त्यामुळे वाईट वाटलं की आधी आकडे काढून बसायची खोड आहे. त्या रात्री मी तीन नावं एकाखाली एक लिहिली. तिघेही डावखुरे फिरकी गोलंदाज, तिघेही एकही कसोटी न खेळलेले.

पालवणकर बाळू : प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१.
पद्माकर शिवलकर : १२४ सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९.
राजिंदर गोयल : १५७ सामने, ७५० बळी, सरासरी १८.५८.

दर सामन्याला बळी काढले तर बाळू ५.४, गोयल ४.७८, शिवलकर ४.७५. म्हणजे बाळू सगळ्यात भारी? इतकं सोपं नाही. बाळूंच्या काळात खेळपट्ट्या उघड्या असत, पाऊस पडला की त्या गोलंदाजाच्या बाजूने वागत, आणि धावसंख्याही आजच्यापेक्षा कमी असत. उलट बाजूही आहे. त्यांनी पुण्यामुंबईत क्लबसाठी जे क्रिकेट खेळलं ते या ३३ सामन्यांत धरलेलंच नाही. एनबीए बघणाऱ्यांना हा घोळ माहीत असेल. तिथे १९७३-७४ च्या हंगामाआधी ब्लॉक अधिकृतपणे मोजलेच जात नव्हते, त्यामुळे पन्नास-साठच्या दशकातले उंच खेळाडू आजच्या तक्त्यात अर्धेच दिसतात. मोजणी सुरू होण्याआधी जो खेळला, त्याला आकड्यांत न्याय मिळत नाही.

मला मात्र अडवलं ते चौथ्या रकान्याने. कसोटी बळी : कोरा, कोरा, कोरा. डेटाबेसमध्ये शून्य वेगळं आणि 'नल' वेगळं. शून्य म्हणजे माणूस खेळला आणि बळी मिळाला नाही. नल म्हणजे तिथे नोंदच नाही. आणि नलची गंमत अशी की तो का आला हे तो कधीच सांगत नाही. तिन्ही नल सारखेच दिसतात. त्यांच्यामागची कारणं मात्र अजिबात सारखी नाहीत.

बाळू

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा, चांभार कुटुंबातला. पुण्यात ते आधी पारशांच्या क्लबात आणि मग युरोपियनांच्या पूना जिमखान्यात मैदानाच्या कामाला होते. रोलर ओढायचा, खेळपट्टी तयार करायची, नेट लावायचं आणि साहेबांना सरावासाठी बॉल टाकायचा. तिथला नावाजलेला फलंदाज कॅप्टन ग्रेग. आपल्याला बाद केलं की दर वेळी आठ आणे, असं त्याने बाळूंना सांगितलं होतं, अशी गोष्ट सांगितली जाते. ती तंतोतंत खरी असो वा नसो, बाळू घडले ते असे, दुसऱ्याच्या सरावात.

पुण्याच्या हिंदू क्लबने त्यांना घेतलं, कारण युरोपियनांना हरवायचं तर हा माणूस लागणार हे स्पष्ट होतं. मैदानावर बॉल सगळे एकच हाताळत. चहाच्या वेळी मात्र सगळे पॅव्हेलियनमध्ये आणि बाळू बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. पुढे ते मुंबईला आले, रेल्वेत नोकरी करत हिंदू संघाकडून खेळू लागले. १९०६ आणि १९०७ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना हरवलं त्यात त्यांचा मोठा वाटा होता.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. दौरा एकूण वाईट झाला, २३ पैकी १५ सामने हरले. पण त्या हरणाऱ्या संघातून खेळून बाळूंनी सगळे सामने मिळून ११४ बळी घेतले, सरासरी १९ च्या आत. त्यांचे भाऊ शिवराम याच दौऱ्यावर होते.

या दर्जाच्या माणसाला कसोटी मिळाली नाही याचं पहिलं कारण साधं आहे : कसोटी नव्हतीच. तेव्हा इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका हे तीनच देश ती खेळत. भारताची पहिली कसोटी जून १९३२ मध्ये लॉर्ड्सला झाली, तेव्हा बाळू छप्पन वर्षांचे होते. इथपर्यंत तुम्ही 'काळ चुकला' म्हणू शकता.

पण जे पद हाताशी होतं, तेही त्यांना मिळालं नाही. हिंदू संघाचा सगळ्यात अनुभवी गोलंदाज असूनही कप्तानपद कायम वरच्या जातीच्या कुणाकडे तरी जायचं. १९२० मध्ये बाळूंना वगळलं आणि कप्तानपदासाठी धाकट्या विठ्ठलला डावललं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतलं. त्यावर गवगवा झाला. तडजोड म्हणून अंतिम सामन्यात बाळूंना उपकप्तान केलं गेलं. शेवटी १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले आणि संघ जिंकला. तोवर बाळूंचं खेळायचं वय सरलं होतं.

हे नशीब नव्हे. हे निर्णय होते, समितीच्या बैठकीत बसून घेतलेले. ते बदलले तेही आपोआप नाही, दोन भाऊ घरी बसले म्हणून.

मधला एक : जमशेदजी

काळ चुकण्याचं खरं उदाहरण हवं असेल तर रुस्तमजी जमशेदजींचं घ्या. तेही डावखुरे फिरकी गोलंदाज, मुंबईचे पारशी. डिसेंबर १९३३ मध्ये भारतात पहिली कसोटी झाली, बॉम्बे जिमखान्यावर. जमशेदजी त्यात खेळले तेव्हा ४१ वर्षांचे होते. भारताकडून इतक्या उशिरा पदार्पण करणारा दुसरा कसोटीपटू आजवर झालेला नाही. १३७ धावांत ३ बळी आणि तीच पहिली, तीच शेवटची कसोटी. तरी त्यांचा रकाना कोरा नाही. गाडी उशिरा आली, पण ते फलाटावर उभे होते.

शिवलकर आणि गोयल

आता आपल्या ओळखीच्या काळात येऊ. शिवलकर म्हणजे 'पॅडी', शिवाजी पार्कच्या क्रिकेटमधलं मोठं नाव. त्यांचा सगळ्यात गाजलेला सामना १९७२-७३ चा रणजी अंतिम सामना, मद्रासला तमिळनाडूविरुद्ध. मुंबई १५१ आणि ११३. एवढ्या धावा करून कोणी अंतिम सामना जिंकतं का? तमिळनाडू ८० आणि ६१. शिवलकर पहिल्या डावात १६ धावांत ८ बळी, दुसऱ्या डावात १८ धावांत ५. तिसऱ्या दिवशी पहिल्याच चेंडूवर सामना संपला आणि मुंबईने सलग पंधराव्यांदा रणजी करंडक घेतला.

यांना कसोटी का नाही? उत्तर दोन शब्दांचं : बिशनसिंग बेदी. १९६६ च्या अखेरीस बेदी आले आणि १९७९ पर्यंत ६७ कसोट्यांत २६६ बळी घेऊन गेले. प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन आधीच रांगेत. एका संघात डावखुऱ्या फिरकीला साधारण एकच जागा आणि त्या जागेवर जगातल्या सर्वोत्तमांपैकी एक बसलेला. बेदी हटले तेव्हा १९७९ मध्ये संधी मिळाली दिलीप दोशींना, वयाच्या ३१ व्या वर्षी. शिवलकर तेव्हा जवळजवळ ३९ चे होते, गोयल ३७ चे.

म्हणजे शिवलकर हरले ते उघड स्पर्धेत. त्यांना पॅव्हेलियनबाहेर कोणी चहा दिला नाही. ते मुंबईचे होते, भारताच्या सगळ्यात बलाढ्य संघात होते, निवड समितीला रोज दिसत होते. दुःख आहेच, पण त्यात अन्याय शोधताना बेदींचं कर्तृत्व पुसून चालणार नाही.

गोयलांची गोष्ट दिसायला शिवलकरांसारखी, पण त्यात एक सकाळ जास्त आहे. ते हरियाणातल्या नरवान्याचे. मुंबईसारखी सलग जिंकणारी फौज पाठीशी नसताना त्यांनी रणजीत ६३७ बळी घेतले. हा विक्रम आजही कायम आहे. नोव्हेंबर १९७४ मध्ये वेस्ट इंडीज भारतात आलं. बेंगळुरूच्या पहिल्या कसोटीतून बेदींना शिस्तीच्या कारणावरून वगळलं होतं. गोयल संघासोबत होते. जागा रिकामी, माणूस हजर. आणि सामन्याच्या सकाळी अंतिम अकरांत त्यांचं नाव नव्हतं. पुढच्या कसोटीला बेदी परतले. पुन्हा अशी सकाळ आली नाही.

बेदींच्या सावलीमुळे शिवलकर राहिले असतील. गोयल मात्र त्या दिवशी सावली नसतानाही राहिले. हा फरक आकड्यांत कुठेच दिसत नाही.

उशिरा का होईना, दोघांची दखल घेतली गेली. गावसकरांनी 'आयडॉल्स' या पुस्तकात आपल्या आवडत्या खेळाडूंमध्ये या दोघांनाही जागा दिली. २०१७ मध्ये बीसीसीआयने दोघांना एकाच वर्षी सी. के. नायडू जीवनगौरव दिला. बाळू १९५५ मध्येच गेले होते. क्रिकेटनंतर ते राजकारणात आले, १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे, आणि १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहून हरले. मला वाटतं, यामुळेही ते कुणाच्याच आठवणींच्या यादीत नीट बसले नाहीत.

शिवलकरांच्या आत्मचरित्राचं नाव 'हा चेंडू दैवगतीचा' आहे. स्वतःच्या आयुष्याला दैवगती म्हणायचा अधिकार त्यांचा. मोठ्या मनाचा माणूस तक्रार टाळण्यासाठी तो शब्द वापरतो. आपण, बाहेर बसलेले, तोच शब्द वापरतो तेव्हा कारण शोधायचे कष्ट वाचवतो. आणि ज्याच्या बाबतीत कारण जातीचं होतं, त्याला 'कमनशिबी' म्हणणं म्हणजे ज्यांनी निर्णय घेतले त्यांना सोडून देणं आहे.

हे सगळं लिहून झाल्यावर मी दादाला फोन केला. तो अजून धाटावलाच आहे, दुसऱ्या कंपनीत. थोड्या इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर विचारलं, "दादा, तू तेव्हा जिल्ह्याच्या निवडीला का नाही गेलास?"

तो हसला. "तुला आज कसं आठवलं? बुधवार होता रे. जनरल शिफ्ट. ठेकेदाराकडे लागून पंधरा दिवस झालेले. सुट्टी मागितली तर म्हणाला, जा, पण उद्या येऊ नकोस."

"मग सगळे नशीब नव्हतं म्हणतात ते?"

"मीच सांगितलं तसं. आईला कशाला सांगायचं, कामामुळे राहिलं म्हणून? कामावर मीच तर लागलो होतो घरासाठी."

क्रिकेटच्या स्कोअरशीटवर बॅट्समन बाद झाला तर कसा झाला आणि कोणी केला, दोन्ही लिहावं लागतं. मला ते दहाव्या वर्षी येत होतं. गणपतीत घरी गेलो तेव्हा माळ्यावरून ती दोनशे पानी वही काढली. शेवटच्या पानावर दादाचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं : बुधवार, जनरल शिफ्ट, सुट्टी नाही.