बिदर : गाव एक, नावे अनेक

भालकीच्या मराठी घरांत एक वाद अधूनमधून रंगतो. आजी सांगते, महाभारतातला विदुर इथे राहिला म्हणून हे विदुरनगर, त्याचे झाले बिदर. शाळेत कानडी शिकणारा नातू म्हणतो, नाही, 'बिदिरु' म्हणजे बांबू. हे बांबूचे गाव. यात तिसरेही मत आहे. फारसीत इतिहास लिहिणाऱ्या फरिश्त्याने बिदरचा संबंध दमयंतीचे वडील भीमराजा यांच्याशी जोडला. विदर्भ आणि बिदर या नावांच्या सारखेपणामुळे त्याची गल्लत झाली असावी.

मला नातवाचे म्हणणे पटते. गावांची नावे बहुधा झाडे, दगड, पाणी यांवरून पडतात. आपले वडगाव, पिंपळगाव, बोरगाव पाहा ना. थोर पुरुष पुष्कळदा मागाहून येतो. कानडी शब्द ज्यांना परका होता त्यांनी त्यात आपल्या ओळखीचा विदुर शोधला. आजीची गोष्ट खोटी म्हणून टाकून देऊ नये. मराठी माणसाने हे गाव आपलेसे कसे केले, ते तिच्यातूनच कळते.

राज्यकर्त्यांची नावे मात्र रुजली नाहीत. अहमदशाह बहमनीने १४३० च्या सुमारास राजधानी गुलबर्ग्याहून इथे आणली आणि गावाला मुहम्मदाबाद म्हटले. १६५७ मध्ये औरंगजेबाने किल्ला घेतला, नाव झाले जफराबाद. फर्माने निघाली, पण बाजारात बिदर ते बिदरच. काळ्या धातूवर चांदीची नक्षी भरणाऱ्या कारागिरांच्या कामालाही जग 'बिदरी'च म्हणते.

गुलबर्ग्याचेही तसेच. फारसीत गुल म्हणजे फूल, बर्ग म्हणजे पान. कानडी माणसाला त्यात 'कल्लु', म्हणजे दगड, ऐकू येतो. बहमनींचे अहसनाबाद विरून गेले. २०१४ पासून सरकारदरबारी कलबुरगी झाले, तरी आपल्या तोंडी अजून गुलबर्गाच बसलेले आहे.

गावांची नावे अशी चिवट; प्रदेशाची मात्र आपल्या डोळ्यांदेखत बदलली. १ नोव्हेंबर १९५६ ला निजामी राज्यातला बिदर जिल्हा फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. सोयरीक दोन्हीकडे, सरकार वेगळे. १९७३ मध्ये म्हैसूरचे कर्नाटक झाले. आपला भाग हैदराबाद-कर्नाटक म्हणून ओळखला जाई, तो २०१९ पासून कल्याण-कर्नाटक झाला. हे कल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी, आपले शेजारचे बसवकल्याण.

त्यामुळे आज १७ सप्टेंबरला निलंग्यात मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो आणि भालकीत कल्याण-कर्नाटक उत्सव. झेंडावंदन दोन्हीकडे १९४८ च्या त्याच दिवसाचे, निजामी संपल्याचे.