संयुक्त मानापमान : एक झोळी

लोकमान्यांच्या स्मरणार्थ स्वराज्यकार्यासाठी एक कोटी रुपये जमविण्याचा संकल्प काँग्रेसने १९२१ साली केला. त्या टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग झाला. गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनी झाले, ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. दोन्ही कंपन्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी होत्या.

नाटकही प्रसंगाला साजेसे होते. श्रीमंतीच्या तोऱ्यात भामिनी गरीब सेनापतीला झिडकारते आणि अखेर त्याच्या गुणांपुढे नमते. नाटककार खाडिलकर तर टिळकांचे ‘केसरी’तले सहकारी.

त्या रात्री सरस कोण ठरले, हा वाद रसिकांनी पुढे पुष्कळ घोळविला. कामगारांत वावरलेल्या माझ्यासारख्याला त्यात दुसरेच दिसते. कोणत्याही कंपनीने आपली पाटी उतरविली नाही, तरी झोळी एकच झाली. एकीला एवढे पुरते. साथीला बसणारे, पडदे ओढणारे यांची नावे आठवणींत फारशी येत नाहीत; पण त्यांच्या हातांवाचून मदतीचा कोणताच खेळ उभा राहत नाही.

४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव वारले. तीन महिने चालढकल झाली असती, तर हा योग आलाच नसता. एकजुटीसाठी मुहूर्त शोधणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.