‘मी’ कुणी म्हणायचं? एकपात्री नाटकाची एक वेगळी गोष्ट

श्रीगोंद्याहून बोलतोय. आजचा विषय आहे एकपात्री नाटक. एकपात्री म्हटलं की आपल्याला आठवतं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’. लक्ष्मण देशपांडे एकटे, पात्रं 52, आणि पोट धरून हसणं. पण एकट्या माणसाचं नाटक फक्त हसवण्यासाठी नसतं. बाई आणि पुरुष या दोन खान्यांत जे बसत नाहीत, त्यांच्या जगण्याशी या प्रकाराचं जवळचं नातं आहे. ते नातं समजून घ्यायचं तर सुरुवात तमाशापासून करावी लागेल.

पूर्वी फडात बायका नसायच्या. नाच्या पोऱ्या लुगडं नेसून नाचायचा. मग आपल्याच जिल्ह्यातली, संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसाची पवळा पठ्ठे बापूरावांच्या फडात उभी राहिली. तमाशातली पहिली स्त्री कलावंत म्हणून तिचं नाव घेतात. बाई आली, पण नाच्या गेला नाही. त्याचं काम तेवढं बदललं. आता त्यानं मुरडायचं आणि लोकांनी हसायचं.

तिकडं संगीत नाटकात बालगंधर्व शालू नेसून यायचे, तर घरंदाज बायका त्यांची फॅशन उचलायच्या. 1964 साली त्यांना पद्मभूषण मिळालं. लुगडं दोघांनीही नेसलं, मग एकाला मान आणि दुसऱ्याला टवाळी का? मला वाटतं, बालगंधर्व स्टेजवर पुरते बाई व्हायचे. नाच्या मात्र ना धड बाई, ना धड पुरुष, असा अधेमधे राहायचा. आपल्याला हसू येतं ते त्या अधेमधे असण्याचं.

त्या हसण्याची किंमत कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी मोजली. मराठी तमाशापटांतला नाच्या म्हणजे गणपत पाटील, इतकं ते समीकरण पक्कं झालं होतं. हा माणूस बायकापोरांचा, संसारी. तरी लोकांनी पडद्यावरची भूमिका त्यांच्या अंगालाच चिकटवली. आत्मचरित्राचं नावसुद्धा ‘रंग नाच्याचा’. आता विचार करा, ज्यानं नुसतं सोंग घेतलं त्याची ही गत, तर ज्याचं ते सोंगच नाही त्याचं काय?

अशा माणसाची गोष्ट मराठी रंगभूमीनं सांगितली, नाही असं नाही. पण सांगतंय कोण, ते बघा. 1981 साली विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ आलं. बाईवर प्रेम करणारी सुमित्रा रोहिणी हट्टंगडींनी उभी केली. काळाच्या मानानं फार धाडसी नाटक. पण गोष्ट आपल्याला सांगतो तो तिचा मित्र बापू. आणि शेवटी सुमित्रा जीव देते.

पुढं चेतन दातार यांनी ‘एक माधवबाग’ लिहिलं. हे खरंखुरं एकपात्री. मोना आंबेगावकर यांनी त्याचे प्रयोग केले. एका आईच्या हाती मुलाची डायरी लागते आणि आपला मुलगा समलिंगी आहे हे तिला कळतं. नाटकभर आई बोलते, मुलगा स्टेजवर येतच नाही. आईची घालमेल दाखवणं गरजेचंच होतं, कारण समोर बसलेले प्रेक्षक बहुतेक आईबापच असणार. तरीही मुलाची गोष्ट मुलाच्या तोंडून आली नाही, हे उरतंच.

मग ‘मी’ म्हणणारं नाटक कसं असतं? त्यासाठी थेट जर्मनीत जाऊ. 1928 साली बर्लिनमध्ये एक मुलगा जन्मला. तो पुढं शार्लोट फॉन माल्सडॉर्फ या नावानं बाई म्हणून जगला. आधी हिटलरची राजवट, नंतर पूर्व जर्मनीतली कम्युनिस्ट राजवट. काळा झगा, गळ्यात मोत्यांची माळ, अशा वेषात शार्लोट या सगळ्यातून तगून निघाली. जुनी घड्याळं, फोनोग्राफ, फर्निचर जमवून 1960 साली तिनं संग्रहालयही उघडलं. लग्न कधी करणार, असं आईनं विचारल्यावर तिचं उत्तर होतं की माझी बायको मीच. डग राइट या अमेरिकन नाटककारानं तिच्या मुलाखती घेतल्या आणि त्याच नावाचं नाटक लिहिलं. 2004 साली त्याला पुलित्झर मिळालं. जेफरसन मेज या एकट्या नटानं तीसहून जास्त पात्रं केली.

इथं एक मेख आहे. शार्लोटनं गुप्त पोलिसांना खबरा दिल्याची कागदपत्रं नंतर बाहेर आली. राइटनं ती लपवली नाहीत. उलट नाटककार म्हणून स्वतःलाच नाटकात घेऊन आपला गोंधळ मांडला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. सोसलेला माणूस संतच असला पाहिजे, अशी अट आपण नकळत घालतो. पण तगून राहायला माणसाला दहा रूपं घ्यावी लागतात. म्हणूनच एकाच नटानं सगळी पात्रं करणं ही तिथं नुसती करामत राहत नाही. तिचं जगणंच तसं होतं.

आपल्याकडं हा ‘मी’ आता ऐकू येतोय. लक्ष्मीनारायण त्रिपाठींच्या आत्मकथनाचं नावच ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’. 15 एप्रिल 2014 ला सुप्रीम कोर्टानं आपली लिंगओळख आपण ठरवायचा हक्क मान्य केला. त्या खटल्यात बाजू मांडणाऱ्यांमध्ये लक्ष्मीही होत्या. 6 सप्टेंबर 2018 ला समलिंगी संबंध कलम 377 मधून सुटले. हे कलम होतं 1860 सालच्या कायद्यातलं!

कायदा झाला, आता स्टेज. एकपात्रीला फड लागत नाही, मोठं नेपथ्य लागत नाही. सुषमा देशपांडे 1989 पासून ‘व्हय, मी सावित्रीबाई’ घेऊन गावोगाव फिरल्याच की. एक माणूस, एक खोली आणि ऐकणारे चार कान, एवढ्यावर नाटक होतं. तुमच्या गावात, कॉलेजच्या गॅदरिंगला असं कुणी उभं राहिलं आणि ‘मी’ म्हणून बोलायला लागलं, तर पहिल्या वाक्याला हसणारे असतीलच. त्या हसण्यात आपण सामील व्हायचं नाही, एवढं तर आपल्या हातात आहे.

भेटू पुढच्या भागात.