भिंतीवरून कागदावर: वारली चित्रांचा इतिहास लिहिताना

पेटची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, "विषय तर सुचलाय, पण सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य काय लिहू?" काय लिहू नये ते मी अनुभवाने सांगू शकतो. माझ्या पहिल्या मसुद्याची सुरुवात होती, "प्राचीन काळापासून वारली समाजात चित्रकलेची परंपरा अखंडपणे चालत आली आहे." मॅडमनी 'प्राचीन काळ'भोवती लाल गोल केला आणि बाजूला एकच शब्द लिहिला: कोणता? 'अखंडपणे'खाली तर दोन रेघा मारल्या. त्या गोलाचं उत्तर शोधण्यात माझं अख्खं एक वर्ष गेलं.

मी मूळचा जालन्याचा, मस्तगडचा. वारल्यांच्या डहाणू-तलासरीपासून आमचं गाव चांगलंच लांब. पण शाळेच्या वाटेवर एक कंपाउंडची भिंत होती. गेरूचा रंग, त्यावर पांढरी त्रिकोणी माणसं, मधे तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती गोल नाच. लहानपणी मला वाटायचं, असं चित्र सगळ्याच गावांत असतं. ही चित्रं ठाणे-पालघरकडच्या आदिवासींची हे कॉलेजात आल्यावर कळलं.

मस्तगडचा उल्लेख उगाच केलेला नाही. भिंतीचा इतिहास लिहिणं म्हणजे काय हे मला आधी तिथेच कळलं. हा किल्ला निजाम-उल-मुल्क आसफजाहच्या हुकमावरून काबील खानाने १७२५ मध्ये बांधला. आदल्याच वर्षी, १७२४ मध्ये, शेजारच्या साखरखेर्ड्याला मुबारिझ खानाचा पाडाव करून निजाम दख्खनमध्ये पक्का झाला होता. म्हणजे किल्ल्याचं साल कळलं की किल्ला का बांधला याचाही अंदाज येतो. इथे फारसी शिलालेख आहे, गॅझेटियरमध्ये नोंद आहे. कुणी, कधी, कुणाच्या सांगण्यावरून, सगळं सापडतं. आता वारल्याच्या घराचा कूड घ्या. कारवीच्या काड्या, वरून माती-शेणाचा लेप, त्यावर गेरू. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, चावून मऊ केलेल्या काडीने काढलेलं चित्र. चुलीचा धूर लागणार, पाऊस लागणार, पुढचं लग्न आलं की भिंत पुन्हा सारवणार. ना साल, ना सही, ना हुकूम देणारा.

अशा वेळी आपण काय करतो? साल नाही म्हणजे फार जुनं, असं धरून चालतो. इंटरनेटवर बघा, कुठे दहावं शतक दिलंय, कुठे थेट भीमबेटकाच्या गुहा. गुहेतली काडीसारखी माणसं आणि कुडावरची माणसं सारखी दिसतात हे खरंच आहे. पण सारखं दिसणं आणि एकातून दुसरं येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मधल्या हजारो वर्षांचा एकही दुवा हातात नसताना 'अखंड' लिहायचं कशाच्या जोरावर? व्हायव्हात पहिला प्रश्न हाच येईल.

मग मी प्रश्न बदलला. कला किती जुनी हे बाजूला ठेवून चित्र कशावर काढलंय, कोणी काढलंय आणि कोणाला दाखवायला काढलंय, एवढंच विचारायला लागलो. आणि साधनं आपोआप दिसू लागली.

कुडावरचं मुख्य चित्र म्हणजे लग्नचौक. चौकटीत पालघट देवी, बाजूला लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. हा चौक काढायचा सवाशिणींनी. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई, ती गाणी म्हणते, देवांना बोलावते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे हे चित्र शोभेसाठी नव्हतं, विधीचा भाग होतं, आणि ते बायकांच्या हातात होतं. यशोधरा दालमिया यांचं १९८८ चं इंग्रजी पुस्तक यासाठी जरूर वाचा, त्यात हे सगळं तपशिलात आहे.

मग आज आपल्याला माहीत असलेलं सर्वांत मोठं वारली नाव पुरुषाचं कसं?

जिव्या सोमा म्हसे. जन्म १९३४ चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. पुढचं आयुष्य डहाणूजवळ गंजाडच्या कळंबीपाड्यात गेलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार या भागात आले. त्याआधी १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात पुपुल जयकरांनी त्यांना मधुबनीला पाठवलं होतं. तिथल्या बायकांनी भिंतीवरची चित्रं कागदावर काढावीत, ती विकावीत, घरात चार पैसे यावेत अशी ती योजना होती. तोच कागद कुलकर्णी डहाणूला घेऊन आले. मधुबनीत कागदावर बायकांची नावं पुढे आली, इथे मात्र जिव्याचं आलं. लग्न असो नसो, तो रोज चित्र काढायचा. मासेमारीचं प्रचंड जाळं, मुंग्यांची रांग, नाचाचं वेटोळं. बारीक ठिपके आणि रेघांनी अख्खा कागद हलता करायचा. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरचं गाजलेलं 'मॅजिसियँ द ला तेर' प्रदर्शन, २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंतासोबत चित्रं, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये तो गेला. (मी 'तो' म्हणतोय, कारण दोन वर्षं त्याच्याच चित्रांसोबत काढल्यावर 'ते' म्हणवत नाही.)

जवळजवळ प्रत्येक कॅटलॉगमध्ये एक गोष्ट भेटते. जिव्या सात वर्षांचा असताना आई गेली, त्याने बोलणं सोडलं आणि धुळीत चित्रं काढून तो सांगायचं ते सांगू लागला. गोष्ट हृदय हलवणारी आहे. ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण ती काय काम करते ते बघा. बायकांची सामूहिक कला एका पुरुषाच्या हातात का आली, याचं उत्तर ती एका झटक्यात देऊन टाकते. गॅलरीला एक माणूस लागतो, त्याचं चरित्र लागतं. चौक काढणाऱ्या पाच सवाशिणींचं चरित्र लिहायला कुणी बसत नाही.

हे फक्त आपल्याकडे घडलं असं समजू नका. पॅरिसच्या त्याच प्रदर्शनात नायजेरियातला योरुबा चित्रकार ट्विन्स सेव्हन सेव्हन होता. त्याचं नावच एक गोष्ट आहे. आईला सात वेळा जुळी झाली आणि त्यातला मी एकटाच वाचलो, असं तो सांगायचा. जुळ्यांना योरुबा समाजात मोठा मान, त्यांच्या मूर्ती करतात. १९६४ मध्ये हा नाचणारा पोरगा ओशोग्बो गावात आला. तिथे उली बायर आणि जॉर्जिना बायर या जोडप्याने चित्रांची कार्यशाळा चालवली होती. कागद, शाई, रंग त्यांनी दिले आणि योरुबा लोककथांतली भुतंखेतं, देव, जनावरं कागदावर उतरली. जगाने त्याला डोक्यावर घेतलं. डहाणूत कुलकर्णी, ओशोग्बोत बायर: दोन्हीकडे बाहेरचं माणूस कागद घेऊन येतं. आणि योरुबा प्रदेशातही इले-इफेसारख्या गावी ओरिशा देवतांच्या ठाण्यांच्या भिंती बायकाच रंगवत आल्या होत्या.

पण तिथे एक वळण आहे, ज्यामुळे माझा प्रबंध थोडा अडचणीत आला. नायके डेव्हिस-ओकुंडाये, जन्म १९५१. ती ट्विन्स सेव्हन सेव्हनच्या बायकांपैकी एक. पणजीकडून ती 'आदिरे' शिकली. आदिरे म्हणजे निळीत रंगवलेलं कापड. कसाव्याच्या, म्हणजे ज्यापासून साबुदाणा करतात त्या कंदाच्या, खळीने पिसाने नक्षी काढायची आणि कापड निळीत बुडवायचं. खळ असते तिथे रंग चढत नाही. इथे तांदळाचं पीठ, तिथे कसाव्याची खळ. हीही बायकांची कला. पण नायके तीच कला घेऊन जगभर गेली, ओशोग्बोला तिने स्वतःचं शिक्षण केंद्र काढलं, पुढे लागोसला मोठी गॅलरी. म्हणजे 'कागद आला की बायका मागे पडतात' हे माझं गृहीतक नायकेने मोडलं. कागदाने एकट्याने काही ठरत नाही. बाजारापर्यंत कोण पोचतं, दुभाषा कोण असतो, शिकवण्याची जागा कुणाच्या मालकीची, हे बघावं लागतं. प्रकरण तिसरं मी पुन्हा लिहिलं. तुमचंही एखादं गृहीतक मोडलं तर वाईट वाटून घेऊ नका. फक्त गाईडला लवकर सांगा.

आता दुसरी गोष्ट, जिच्यासाठी खरं तर मी हा लेख लिहायला घेतला. चित्रांत वारली समाज सदा नाचताना दिसतो. पेरणी, कापणी, लग्न, तारपा. पर्यटनाच्या जाहिरातींना तेच आवडतं. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) वाचलं आणि मी हादरलो. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचं आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. कर्ज कधी फिटत नसे. २३ मे १९४५ ला तलासरी भागात झरी इथे वारल्यांची सभा झाली आणि वेठ-लग्नगडीच्या विरोधातला लढा उभा राहिला. जिव्या तेव्हा अकरा वर्षांचा, त्याच तालुक्यात जन्मलेला.

म्हणजे ज्या लग्नासाठी चौक काढला जायचा, त्याच लग्नापायी माणूस गहाण पडायचा. चौकाची माहिती कलेच्या पुस्तकात, लग्नगड्याची माहिती चळवळीच्या पुस्तकात. ग्रंथालयातही दोन्ही वेगळ्या कपाटांत असतात. मी कित्येक महिने एकाच कपाटापुढे बसलो होतो. विषय 'कला' आहे म्हणून फक्त कलेचीच पुस्तकं वाचायची, ही चूक मी केली. १९४५ चंच के. जे. सावे यांचं 'द वारलीज' हे पुस्तकही असंच हाताशी पडून होतं. कागद येण्याच्या पाव शतक आधीचं, म्हणजे माझ्यासाठी सोन्यासारखं.

जिव्याच्या चित्रांत सावकार का दिसत नाही, हा प्रश्न मला आता वारंवार पडतो. विकत घेणाऱ्याला तो नको होता म्हणून, की चित्राचं कामच वेगळं होतं म्हणून? चौकात देवी बसते, तिथे सावकाराला जागा नसते, असंही असू शकतं. यावर चौथं प्रकरण चालू आहे. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं, आज पाड्यापाड्यांवर बायकाही विक्रीसाठी चित्रं काढतात. तो भाग मुलाखतींवर उभा राहणार आहे. मुलाखत घेताना मी आता पहिलाच प्रश्न विचारतो, "तुमच्या लग्नाचा चौक कुणी काढला होता?" उत्तरात नावं येतात. वहीत एक वेगळा रकाना त्या नावांसाठी ठेवलाय.

या दिवाळीला मस्तगडला गेलो तेव्हा शाळेच्या वाटेवरची ती भिंत बघायला मुद्दाम गेलो. तिच्यावर कोचिंग क्लासची जाहिरात आहे. चित्र कोणत्या साली काढलं होतं, कुणी काढलं होतं, हे समोरच्या पानटपरीवर विचारलं. "कोन्तं चित्र?" म्हणाले. आईला आठवतं, मला आठवतं. फोटो आमच्याकडे एकही नाही.