इंजिन आपलं, सांधा कुणाचा?

आमच्या तासगाव भागात जुनी माणसं विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला सरळ ‘किर्लोस्कर’ म्हणतात. या नावाचं मूळही शेजारीच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगाव सोडावं लागलं, तेव्हा औंधच्या राजांनी त्यांना कुंडलजवळचा माळ दिला. निवडुंगाच्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगरापासून सुरू झालेलं काम पुढे पंपांपर्यंत गेलं.

१९४६ मध्ये या घराण्याने दोन कंपन्या काढल्या. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी पुण्यात, खडकीला ऑइल इंजिन्स सुरू केली. बंगळुरात किर्लोस्कर इलेक्ट्रिक निघाली. म्हणजे इंजिन एका गावात आणि वीज तयार करणारा ऑल्टरनेटर दुसऱ्या गावात. जनरेटरमध्ये मात्र दोघांना एकाच चौकटीवर, एका रेषेत फिरायचं असतं.

हे जमतं ते दोन करारांमुळे. पहिला वेगाचा. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. चार ध्रुवांच्या ऑल्टरनेटरला त्यासाठी मिनिटाला १५०० फेरे लागतात. कॉलेजच्या लॅबमध्ये अनेकांनी पाहिलेलं पाच हॉर्सपॉवरचं ‘ए.व्ही.१’ इंजिन याच वेगाने फिरतं, म्हणून ते ऑल्टरनेटरला थेट जोडता येतं. जुनी संथ इंजिनं पट्टा आणि लहानमोठ्या पुल्या लावून हा वेग गाठत. दुसरा करार मापाचा. फ्लायव्हीलभोवतीच्या कवचाला अमेरिकेतल्या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेने, एस.ए.ई.ने, ठरवलेले क्रमांक असतात. क्रमांक जुळला की बोल्टची भोकं जुळतात, मग बनावट कुठलीही असो.

आमच्या क्षेत्रात याला इंटरफेस म्हणतात. तासगावात त्याची किंमत बेदाण्यात मोजावी लागते. ऐन उन्हाळ्यात वीज गेली आणि कोल्ड स्टोरेजच्या जनरेटरचं वाइंडिंग जळालं, तर आत कित्येक शेतकऱ्यांचा वर्षाचा माल असतो. अशा वेळी रिवाइंडिंगची वाट न पाहता त्याच क्षमतेचा, त्याच मापाचा दुसरा ऑल्टरनेटर चढवता येतो. इंजिन जागेवरून हलतही नाही.

समुद्रात गोष्ट इतकी सोपी नसते. याच किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने नौदलासाठी फ्रान्सची पीलस्टिक इंजिनं परवान्यावर बांधली. पाणबुडीविरोधी ‘आयएनएस कामोर्ता’वर चार पीलस्टिक इंजिनं आहेत. परवान्यावर बांधणं म्हणजे दुसऱ्याची लायब्ररी वापरणं: चालवता येते, पण सोर्स कोड त्याच्याकडे. एखादा भाग बदलायचा, सुधारायचा तर मूळ आराखड्याच्या मालकाकडे पाहावं लागतं. युद्धनौकेला हे परवडत नाही.

म्हणूनच एप्रिल २०२५ चा करार मला महत्त्वाचा वाटतो. ६ मेगावॉटचं सागरी डिझेल इंजिन भारतातच आरेखित करून घडवण्याचं काम नौदलाने याच कंपनीला दिलं. खर्च २७० कोटी, त्यातले ७० टक्के सरकारचे. त्यात भारतीय भागांचं प्रमाण निम्म्याहून जास्त ठेवायचं आहे.

‘स्वदेशी’ म्हटलं की आपण इंजिनावरची पाटी वाचतो. खरं तर विचारायला हवं, की बिघडलेला भाग कुणाची परवानगी न घेता बदलता येतो का? तासगावच्या कोल्ड स्टोरेजवाल्याला ते केव्हाच जमलंय. नौदलाची पाळी आता आली आहे.