गाठ गेली, मग गोळी कशाला?

मागच्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर गटातली एक ताई हळूच म्हणाली, “स्तनातली गाठ काढून दोन वर्षं झाली. आता रोजची गोळी कशाला? मी बंदच केली.” मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून वाचायला बसले, तर गोष्ट निघाली गाईंपासून.

स्कॉटलंडमध्ये जॉर्ज बीटसन नावाचे डॉक्टर होते. गाय आटू नये म्हणून काही देशांत व्यायल्यावर तिचं अंडाशय काढून टाकतात, हे त्यांच्या कानावर आलं. (आपल्याकडे कुणी ऐकूनही घेणार नाही!) अंडाशय पोटात, दूध स्तनात, मग या दोघांचा संबंध काय? हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. १८९५ साली ३३ वर्षांची, दोन मुलांची आई त्यांच्याकडे आली. कर्करोग पसरलेला. त्यांनी तिचं अंडाशय काढलं. आठ महिन्यांत गाठी दिसेनाशा झाल्या. १८९६ साली त्यांनी हे छापलं. ती बाई पुढं जवळपास चार वर्षं जगली.

पण हा उपाय साधारण तिघींतल्या एकीलाच लागू पडे. का, ते कळायला साठेक वर्षं गेली. अंडाशयातून निघणारं इस्ट्रोजेन रक्तातून स्तनात जातं आणि तिथल्या पेशींना ‘वाढा’ म्हणतं. पेशी जितक्या वेळा दुभंगतील, तितकी चूक होण्याची शक्यता वाढते. पाळी लवकर आली, उशिरा गेली, तर हा हुकूम जास्त वर्षं चालतो. अमेरिकेतल्या एल्वूड जेन्सन यांनी दाखवलं की हा निरोप घ्यायला पेशीत एक जागा असते, कुलपासारखी. काही गाठींत ती असते, काहींत नसते.

टॅमॉक्सिफेनची गोळी त्याच कुलपात जाऊन बसते. इंग्लंडमध्ये ती मूळ गर्भ राहू नये म्हणून शोधली होती; त्या कामात नापास झाली आणि इथं उपयोगी पडली. गाठ काढली तरी एखादी पेशी कुठं लपून राहिलेली असू शकते. तिला हुकूम मिळू नये म्हणून ही गोळी पाच-पाच वर्षं देतात.

हे सगळं ताईला सांगितलं. ती ऐकून घेतलं आणि म्हणाली, “खरं सांगू? अंगातून वाफा निघतात, रात्र रात्र झोप नाही. म्हणून सोडली.” हे तिनं डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. गुरुवारी आम्ही दोघी जाणार आहोत.